चांदी नावाचा पारा

सोलापुरातली जुनी माणसं अजूनही दाढ दाखवून सांगतात, "यात चांदी भरलीय." ऐकताना वाटतं, दागिन्याचीच गोष्ट चालली आहे. प्रत्यक्षात त्या चांदीत वजनाने साधारण निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. या मिश्रणाला म्हणतात अमाल्गम. नावातून पारा गायब कसा झाला, या कुतूहलापायी मी त्याचा इतिहास वाचायला लागलो.

चांदीची पूड पाऱ्यात खलली की लोण्यासारखा गोळा होतो आणि थोड्या वेळाने घट्ट बसतो. चीनमध्ये ६५९ सालच्या औषधिग्रंथातही अशा लेपाचा उल्लेख सापडतो. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी तो न्यूयॉर्कला नेला आणि 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम' या भारदस्त नावाने विकला. पारा लपवायची सवय तेव्हापासूनची!

त्या काळी चांगला भराव म्हणजे सोन्याचा. हा नवा प्रकार स्वस्त, शिवाय झटपट. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून तो न वापरण्याची शपथ मागितली. शपथ मोडणारे वाढत गेले आणि १८५६ मध्ये संघटनाच मोडली. सोनं हरलं, कारण दुखणाऱ्या दाढा गरिबांनाही असतात.

हे मला घरातूनच ठाऊक आहे. माझी आजी विड्या वळायची आणि मिश्री लावायची. हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईसमोर दोनच रस्ते असत: दाढ उपटा, नाहीतर चांदी भरा. तिने चांदी भरली. डॉक्टर छोट्या खलात पारा घोटायचे, जादा पारा फडक्यातून पिळून काढायचे. तिची ती दाढ शेवटपर्यंत टिकली.

शंभर-दीडशे वर्षं वाद चालला तो तोंडाचा: पारा रुग्णाला बाधतो की नाही? शेजारच्या थुंकायच्या बेसिनकडे फारसं कुणी बघितलं नाही. जुना भराव कोरून काढताना त्याचा चुरा गुळणीबरोबर गटारात जातो. चांदी भरलेला उपटलेला दात भट्टीत जाणाऱ्या पिवळ्या पिशवीत पडला, तर पारा धुरावाटे हवेत. पाण्याच्या तळाच्या गाळात काही जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांत साठत जातं. हे विष काय करतं, ते जपानच्या मिनामाताने दाखवलं. तिथे एका कारखान्याच्या सांडपाण्यातून ते थेट खाडीत गेलं होतं. १९५६ मध्ये आजार उजेडात आला.

त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये जागतिक करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. आधी अमाल्गम हळूहळू कमी करायचं ठरलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात २०३४ ही शेवटची मुदत ठरली.

आपण सोलापूरकर उजनीच्या पाण्यावर बोलायला लागलो की पुण्याच्या सांडपाण्यावर येऊन थांबतो. रागही रास्तच आहे: मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. पण भीमा आपल्यापाशी संपत नाही. ती पुढे कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते. आपण ज्यांच्या खाली राहतो त्यांच्यावर चिडतो, तसेच आपल्याही खाली कुणीतरी राहतं.

उपाय अवघड नाहीत. सांडपाण्यातून चुरा पकडणारं यंत्र, म्हणजे अमाल्गम सेपरेटर, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ९५ टक्के चुरा अडवतं. अमेरिकेत बहुतेक दवाखान्यांना ते २०२० पासून सक्तीचं आहे. उरलेलं अमाल्गम घट्ट झाकणाच्या डबीत वेगळं ठेवायचं. जुन्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटातला शिशाचा पत्रा आणि फिल्म धुतल्यावरचं चांदीमिश्रित द्रावणही गटारात किंवा कचऱ्यात टाकायचं नाही. डिजिटल एक्स-रेने ही दोन्ही कटकट संपते.

खरा प्रश्न पैशाचा आहे. दातांच्या रंगाचा कंपोझिट भराव महाग पडतो आणि तो बसवताना दात कोरडा ठेवावा लागतो. ग्लास आयोनोमर सिमेंट सोपं, पण चावण्याच्या जोरापुढे कमी टिकतं. सरकारी दवाखान्यात हे पर्याय परवडणाऱ्या दरात मिळाले नाहीत, तर २०३४ नंतर विडी वळणाऱ्या बाईपुढे एकच रस्ता उरेल: दाढ उपटा.

पारा जायलाच हवा. पण त्याची किंमत तिच्या दाढेने भरायला नको.