पाच प्रश्नांची चाळणी

आहारविकृतीची वैद्यकातील एक अगदी जुनी नोंद एका पुस्तकवेड्या मुलीची आहे. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांचा क्षयावरील ग्रंथ 1689 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 1684 साली, वयाच्या अठराव्या वर्षी आजारी पडलेल्या एका मुलीची हकीकत येते. रात्रंदिवस पुस्तकांत डोके घालून बसणाऱ्या या मुलीची अन्नावरची वासना उडाली. दोन वर्षे तिने प्रकृतीकडे लक्ष दिले नाही. मॉर्टनकडे ती आली तेव्हा केवळ अस्थिपंजर उरला होता. परंतु ताप नव्हता की खोकला नव्हता. औषधांना कंटाळून तिने ती लवकरच सोडून दिली आणि तीन महिन्यांत मूर्च्छा येऊन ती मरण पावली.

या व्याधीला स्वतंत्र स्थान मिळण्यास पुढे जवळजवळ दोन शतके लागली. 1873 मध्ये लंडनला विल्यम गल आणि पॅरिसला शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तिचे वर्णन केले. गल यांनी दिलेले ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झाले. पण नाव मिळाले म्हणून रोग ओळखता येतोच असे नाही. येथे रोगी स्वतःला रोगी मानीत नाही, उलट आपली कृशता तो जपतो. 1979 मध्ये जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले, तेव्हा अडचण आणखी वाढली. अधाशासारखे खाऊन मग ओकून टाकणाऱ्या या रोग्याचे वजन पुष्कळदा बेताचेच असते. डोळ्यांना जे दिसत नाही, ते विचारूनच काढावे लागते.

त्याच वर्षी टोरांटोच्या गार्नर आणि गारफिंकेल यांनी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. 1982 मध्ये ती 26 प्रश्नांवर आली. वीस किंवा अधिक गुण पडल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत ठरला. हे विकार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. याच वयात मुले घर सोडून वसतिगृहात येतात आणि ताटात काय उरले हे पाहणारे कोणी जवळ राहत नाही. म्हणून विद्यापीठे हे या चाळणीचे स्वाभाविक क्षेत्र ठरले. अमेरिकेत 1996 मध्ये शेकडो महाविद्यालयांतून अशी तपासणी झाली.

1999 मध्ये लंडनच्या मॉर्गन, रीड आणि लेसी यांनी प्रश्न पाचावर आणले: मुद्दाम ओकारी काढता काय, खाण्यावरचा ताबा सुटला असे वाटते काय, तीन महिन्यांत सुमारे साडेसहा किलो वजन घटले काय, इतर लोक बारीक म्हणत असता स्वतःला लठ्ठ समजता काय, आणि अन्नाने आयुष्य व्यापले आहे काय. दोन होकार आले की संशय घ्यावा. 116 रुग्ण स्त्रियांपैकी एकही या चाळणीतून निसटली नाही. मात्र स्थानिक महाविद्यालयांतील 96 निरोगी स्त्रियांपैकी साडेबारा टक्के तीत अडकल्या. समजा, हजार विद्यार्थ्यांत वीस आजारी आहेत. तर या हिशेबाने त्या विसांबरोबर सुमारे 122 निरोगीही संशयित ठरतील. चाळणी म्हणजे निदान नव्हे, ते यासाठी.

प्रश्न परभाषेत गेला की घोटाळा आणखी वाढतो. 1989 मध्ये किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातील 580 शाळकरी मुलींच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. 26 प्रश्नांच्या हिंदी भाषांतरात 29 टक्के मुली मर्यादेपलीकडे गेल्या. परंतु काही ठराविक प्रश्नांची उत्तरे पाहता, सामाजिक व धार्मिक कल्पनांमुळे प्रश्नांचा अर्थच निराळा लागला असावा, असे दिसून आले. ज्या देशात एकादशीला न जेवणे हे पुण्य आहे, तेथे उपाशी राहण्याविषयीचा प्रश्न जपूनच विचारावा लागतो.

म्हणून प्रश्नावलीचे मोल तिच्या गुणांकात नाही, तर त्यानंतर होणाऱ्या संभाषणात आहे. ज्या विद्यापीठात पाच प्रश्न विचारले जातात, पण होकारानंतर ऐकून घेणारा वैद्य नसतो, तेथे विद्यार्थ्याचे गुपित तेवढे कागदावर उतरते. त्याचे दुखणे होते तसेच राहते.