बोधनविज्ञान : एक तळटीप

* बोधनविज्ञान : माणूस पाहतो, शिकतो, आठवतो, बोलतो ते नेमके कसे, या प्रश्नाचा मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांनी मिळून घेतलेला शोध. आरंभ बहुधा सप्टेंबर १९५६ मधल्या एमआयटीतील परिसंवादापासून धरतात. जॉर्ज मिलर, नोम चॉम्स्की, ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तिथे आपापले काम मांडले. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८६ मध्ये स्वतंत्र विभाग काढला.

इतक्या शास्त्रांनी एकत्र का यावे, हे 'एच. एम.' या रुग्णाच्या हकिकतीवरून चांगले समजते. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघत, दुहेरी रेषांच्या मधून चांदणी गिरवायला दिली. आरशात सगळे उलटे दिसते, पेन्सिल भलतीकडेच वळते. हे आपण आधी केले आहे, याची त्याला दुसऱ्या दिवशी जाणीवच नसे. चुका मात्र दिवसागणिक घटत गेल्या. कौशल्याची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळली जाते, हे त्यातून पुढे आले. माझ्या मते या विषयाची ओळख व्याख्येपेक्षा अशा प्रयोगांतूनच करून द्यावी. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठात आणि आयआयटी गांधीनगरमध्ये तो शिकवला जातो. गणित आणि प्रोग्रामिंगची थोडी तयारी असलेली बरी. – संपा.