आजोबांची दुनळी आणि तिचा आवळ चोक: लहान बोअरच्या जुन्या बंदुकीत काडतूस घालण्याआधी हे वाचा

अंबाजोगाई : तालुक्यात आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात काही जुन्या वाड्यांत आजही वाडवडिलांची दुनळी सांभाळून ठेवलेली असते. अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली हे कंटिन्जंट भारतीय लष्करात विलीन झालं. त्या काळच्या विलायती बनावटीच्या बंदुका परवान्यासह एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येत गेल्या. बहुतेक घरांत बारा बोअर असते. पण काही ठिकाणी सोळा, वीस, अठ्ठावीस किंवा चारशे दहाची हलकी दुनळी निघते. या लहान बोअरच्या बंदुकांचा चोक बऱ्याचदा फार आवळ असतो, आणि गडबड होते ती तिथंच. हरभऱ्यात रोही आणि उसात रानडुक्कर शिरलं की बंदूक बाहेर निघते, पण नळी आतून कशी आहे हे बघायचं राहून जातं.

बोअर म्हणजे काय?

एक पौंड शिशाच्या सारख्या मापाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास तो बारा बोअर. म्हणून आकडा वाढेल तशी नळी बारीक होते. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, सोळाची १६.८, वीसची १५.६ आणि अठ्ठावीसची १४ मिलिमीटर असते. चारशे दहाचा हिशेब निराळा आहे. तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागातला, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर.

चोक कशासाठी?

नळीच्या तोंडाशी शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये आतला व्यास थोडा कमी केलेला असतो. त्याला चोक म्हणतात. त्यामुळे छर्रे लवकर पसरत नाहीत, लांबपर्यंत एकत्र जातात. बारा बोअरमध्ये पूर्ण चोक म्हणजे साधारण १ मिलिमीटरचा आवळ आणि अर्धा चोक म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. चोक अजिबात नसेल तर त्या नळीला सिलिंडर म्हणतात.

चोकची कल्पना जुनी असली तरी ती लोकप्रिय झाली ती १८७४-७५ मध्ये. बर्मिंगहॅमचे बंदूक कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या चोक नळ्यांनी लंडनच्या 'द फील्ड' या साप्ताहिकाने घेतलेल्या चाचणीत आपली ताकद दाखवली. पुढच्या काळातल्या बऱ्याच दुनळ्यांत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ असा रिवाज पडला. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा चाप डाव्या नळीचा.

लहान बोअरमध्येच चोक आवळ का?

याचं उत्तर छर्‍यांच्या मोजणीत आहे. चोक मोजायची जुनी पद्धत अशी: ४० यार्डांवर, म्हणजे ३६.५ मीटरवर मोठा कागद लावायचा, एक बार काढायचा, जिथं छर्रे सर्वांत दाट लागले तिथं ३० इंच (सुमारे ७६ सेंटिमीटर) व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. सिलिंडर नळीतून सुमारे ४० टक्के छर्रे वर्तुळात येतात, अर्ध्या चोकमधून ६० टक्के, पूर्ण चोकमधून ७० टक्के.

विलायती मापाच्या सहा नंबर छर्‍यांचे २८ ग्रॅममध्ये सुमारे २७० दाणे बसतात. बारा बोअरच्या जुन्या ३० ग्रॅमच्या काडतुसात ते २८५ च्या आसपास भरतात. सिलिंडर नळीतून त्यातले ११५ वर्तुळात लागतात. चारशे दहाच्या अडीच इंची काडतुसात छर्रे भरतात १२ ते १४ ग्रॅम. १२ ग्रॅम धरले तर ११५ दाणे. पूर्ण चोक दिला तरी वर्तुळात ८० च लागणार, आणि सिलिंडर ठेवला तर जेमतेम ४६. एवढ्या विरळ फैलावात पाखरू सहज सुटायचं. म्हणून लहान बोअरमध्ये कारागिरांनी चोक आवळला, आणि कितीतरी चारशे दहाच्या दुनळ्यांत तर दोन्ही नळ्या पूर्ण चोकच्या केल्या.

दुसरं कारण काडतुसाचं. त्या काळात बारूद आणि छर्‍यांच्या मध्ये नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती असे. मऊ शिशाचे छर्रे नळीला घासत जायचे, चेपायचे आणि वेडेवाकडे उडायचे. ही गळती भरून काढायलाही चोक आवळ लागायचा. १९६० च्या दशकात छर्‍यांना धरून ठेवणारी प्लास्टिकची वाटी आली आणि छर्रे नळीला घासायचे थांबले. म्हणून आजचं वाटीवालं काडतूस जुन्या पूर्ण चोकच्या नळीतून सोडलं, तर फैलाव आजोबांच्या वेळेपेक्षाही घट्ट येतो. दहा-पंधरा मीटरवर तो इतका लहान असतो की छर्‍यांच्या बंदुकीचा फायदाच उरत नाही. नेम चुकला तर सगळंच चुकलं.

खरा धोका कुठं आहे?

रानडुकराच्या भीतीने कुणी एकच मोठी गोळी किंवा एलजी-एसजीसारखे मोठे छर्रे घालायचा विचार करतो. नळीत बरोबर बसणारी गोळी पुढं आवळ चोकमध्ये अडते. मागून दाब वाढतो आणि नळीचं तोंड फुगतं किंवा फाटतं. लहान बोअरमध्ये हा धोका जास्त, कारण तेवढाच आवळ बारीक नळीला जास्त पडतो. अर्ध्या मिलिमीटरचा आवळ बारा बोअरच्या व्यासाच्या २.७ टक्के होतो, तोच चारशे दहाच्या ४.८ टक्के. एलजीचे मोजकेच दाणे बारीक नळीत एकमेकांवर अडकून बसतात, तेही चोकमध्ये तसेच दाटतात.

हे इंग्लंडमध्ये सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. १८७५ ते १८८७ या काळात तिथल्या सरकारमान्य तपासणीतून गेलेल्या चोकच्या नळ्यांवर इंग्रजी अक्षरांत 'नॉट फॉर बॉल', म्हणजे गोळीसाठी नाही, असा शिक्का मारत. १८८७ नंतर त्या जागी 'चोक' हा शब्द आला. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून खालच्या सपाट बाजूला बघितलं की हे शिक्के दिसतात. बंदूक उघडून शिक्के वाचायला पाच मिनिटं लागतात. शिक्का दिसत नाही म्हणून नळी मोकळी आहे असं मात्र समजू नका, कारण घासून घासून शिक्के पुसट होतात.

आणखी चार गोष्टी तपासा

१. काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या विलायती बंदुकांत घर बऱ्याचदा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडाल्यावर ते पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं नाही.

२. नळीची जात. अंगावर नागमोडी नक्षी दिसते ती दमास्कस नळी. तिच्यातल्या बऱ्याच फक्त काळ्या बारुदासाठी तपासलेल्या असतात. त्यांत आजचं काडतूस घालू नये.

३. बोअरची सरमिसळ. घरात बारा आणि वीस अशा दोन बंदुका असतील तर काडतुसं वेगवेगळ्या पेटीत ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढं सरकून अडकतं. मागून बाराचं घालून चाप ओढला की नळी फुटते आणि डावा हात जातो. पोलिसांच्या जुन्या चारशे दहा मस्केटचं काडतूसही वेगळं. ते .३०३ च्या टोपणावर बेतलेलं आहे, चारशे दहाच्या दुनळीचं नाही.

४. स्टीलचे छर्रे. बाहेरच्या देशांत ते मिळतात. ते शिशासारखे चेपत नाहीत, म्हणून जुन्या पूर्ण चोकमध्ये नकोतच.

नाणं घालून चोक ओळखायची युक्ती लहान बोअरला लागू पडत नाही. नुसतं तोंडाचं माप व्हर्नियरनं घेऊनही कळत नाही, कारण चोक म्हणजे तोंड आणि मागची नळी यांच्या व्यासातला फरक. तो आतून मोजायचं हत्यार परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे असतं.

चोक मोकळा करावा का?

काही जण म्हणतात, नळीचं तोंड दोन इंच कापून टाका, चोक गेला. हे अजिबात करू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी कमी करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. लेथवाल्याकडे नळी आतून कोरून घेणंही तसंच अंगाशी येईल, कारण दुरुस्तीलाही परवाना लागतो. शिवाय जुन्या नळीची भिंत तोंडाशी पातळ असते आणि एकदा कोरलेलं परत भरता येत नाही. फैलाव मोकळा हवा असेल तर सोपा मार्ग काडतुसाचा: बंदुकीला चालणारं, प्लास्टिक वाटी नसलेलं, नमद्याच्या चकतीचं काडतूस. कागदावरची चाचणीही शेतात नाही, मान्यताप्राप्त रेंजवरच करा.

कायद्याचं थोडक्यात

परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवून चालत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने जिल्हादंडाधिकारी कार्यालय, बीड येथे अर्ज करायचा. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असली, तर हयातीतही वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. २०१९ पासून एका माणसाकडे दोनच बंदुका, वारसाहक्काची धरून. परवान्याची मुदत पाच वर्षे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रोही आणि रानडुक्कर दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर बार काढता येत नाही. तितर, लाव्हा, ससा यांचा तर प्रश्नच नाही.

नुसत्या आवाजाने जनावर हुसकायचं असेल तर चोक आवळ असो की मोकळा, काही फरक पडत नाही. तेव्हा मोठी गोळी घालायचं कारणच उरत नाही. सहा नंबरचा छर्रा सुमारे २०० मीटरपर्यंत जातो, एलजीचा दाणा ७०० मीटरपर्यंत. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात एवढ्या अंतरात शेजाऱ्याची आखाडा-वस्ती असते आणि रात्री पाण्याच्या पाळीवर माणूस उभा असतो.

शिक्के वाचता येत नसतील, बोअरचं काडतूस मिळत नसेल किंवा नळीत फुगवटा दिसत असेल, तर ती बंदूक चालवायची नाही. परवाना चालू ठेवा, तेल-पाणी करा आणि आजोबांची आठवण म्हणून कुलपात राहू द्या.