आंग्रे घराण्यातील सरखेलीचा वारसा

सरखेल हा मराठी आरमाराच्या अधिपतीचा हुद्दा. सिधोजी गुजराच्या पश्चात, १६९८ च्या सुमारास, राजाराम छत्रपतींच्या कारकिर्दीत तो कान्होजी आंग्रे यांस प्राप्त झाला आणि पुढे त्यांच्या घराण्याचा किताब म्हणून रूढ झाला. हे घराणे दर्यावर्दी म्हणून विख्यात असले तरी त्याचा अंमल खाडीपाशी संपत नव्हता. १७१४ च्या आरंभी बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहू महाराजांशी तह होऊन कान्होजीस दहा जंजिरे-किल्ले व सोळा दुय्यम ठाणी मिळाली. त्या सोळांत मोहोपाड्याच्या परिसरातील, वाशिवलीच्या माथ्यावरचा माणिकगड, नेरळजवळचा विकटगड आणि राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले गणले गेले. म्हणून माणिकगडाखालच्या पाताळगंगेच्या खोऱ्याला सरखेलीचा वारसा हा परका विषय नव्हे.

या वारशाचे स्वरूप ध्यानात येण्यास आयर्लंडचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील फिट्झजेराल्ड घराण्यास १७६६ मध्ये मिळालेली लीन्स्टरची ड्यूकपदवी राजपत्रातील शर्तीनुसार औरस पुरुषवंशात आपोआप उतरते. जमीनजुमला गेला तरी पदवी उरते, मात्र दत्तक पुत्रास तिच्यावर हक्क सांगता येत नाही. सरखेलीचा न्याय जवळजवळ उलटा होता. धर्मशास्त्राने दत्तकास पुत्राचे स्थान दिले होते खरे. परंतु किताब हा धन्याच्या चाकरीचा असल्याने दर पिढीस नजर भरावी, नवी सनद व वस्त्रे घ्यावीत, तेव्हाच तो सिद्ध होई. रक्ताचा दावा कितीही निर्विवाद असो, वस्त्रे देणारा हात ज्याचा त्याच्याच हाती अखेर घराण्याची नाडी असे, आणि आंग्र्यांच्या पुढील शतकभराच्या इतिहासाची संगती या एका गोष्टीने लागते.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले तेव्हा त्यांच्यामागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी असे सहा पुत्र होते. सेखोजीने चार वर्षे सरखेली नेटाने चालविली. १७३३ मध्ये तो वारला आणि संभाजी व मानाजी यांत उघड कलह पेटला. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी या घराण्याचे गुरू; त्यांनी सामोपचाराची पत्रे लिहिली, पण भावांच्या भांडणात गुरूचा शब्द जितका चालतो तितकाच चालला. अखेर १७३५ मध्ये बाजीरावाने वाटणी केली : संभाजीकडे सरखेली व दक्षिणेकडील आरमार, मानाजीकडे कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब. या मदतीची किंमत म्हणून मानाजीने कोथळीगड व राजमाची पेशव्यांच्या स्वाधीन केली. एका दौलतीच्या दोन झाल्या, दोघेही पुण्याकडे तोंड करून बसले, आणि घाटाच्या नाक्यावरचे किल्ले पेशव्यांच्या पदरात पडले. मध्यस्थीचा यापेक्षा किफायतशीर व्यवहार विरळाच.

संभाजीच्या मृत्यूनंतर शाहू महाराजांनी तुळाजीस सरखेली दिली. त्याने पेशव्यांचे वर्चस्व जुमानले नाही. तेव्हा १७५५ मध्ये इंग्रजांच्या साहाय्याने सुवर्णदुर्ग व पुढील वर्षी वॉटसन-क्लाइव्ह यांच्या आरमाराकडून विजयदुर्ग पाडवून पेशव्यांनी त्यास कैदेत टाकले, आणि त्याचे उरलेले आयुष्य कैदेतच सरले. आपलेच आरमार परक्या तोफांनी जाळविण्याचा हा प्रकार होता.

कुलाब्याची शाखा मात्र टिकली. मानाजीनंतर पहिल्या रघूजीने १७९३ पर्यंत शांतपणे राज्य केले. त्याच्या पश्चात अल्पवयी दुसरा मानाजी गादीवर आला व पुन्हा गृहकलह माजला. दौलतराव शिंद्यांच्या पाठबळाने बाबूराव आंग्र्याने १७९९ मध्ये कुलाबा घेतला. १८१३ मध्ये बाबूराव वारल्यावर मानाजी परतला, व १८१७ मध्ये त्याचा पुत्र दुसरा रघूजी अज्ञान वयातच अधिकारावर आला; कारभार विनायक परशुराम बिवलकर पाहात.

पेशवाई बुडाल्यावर १८२२ च्या तहाने वस्त्रे देण्याचा अधिकार कंपनी सरकारकडे गेला. डिसेंबर १८३८ मध्ये रघूजी वारला, त्यानंतर जन्मलेला पुत्र दुसरा कान्होजी काही महिन्यांतच दगावला, आणि विधवांनी मागितलेली दत्तकाची परवानगी सरकारने नाकारली. ज्ञातीतून कर्ता पुरुष निवडण्याची गेलिक आयर्लंडमधील चाल ज्या इंग्रजी न्यायशास्त्राने १६०८ मध्ये रद्द ठरविली, त्याच्याच परंपरेत वाढलेले हे अधिकारी होते. तथापि येथे न्यायापेक्षा मुलखाचा मोह अधिक होता असेच म्हणावे लागते. १८४० मध्ये कुलाबा खालसा झाला, म्हणजे डलहौसीने साताऱ्यास तोच नियम लावण्यापूर्वी आठ वर्षे.

घराण्याची एक शाखा ग्वाल्हेरच्या दरबारी सरदारकीच्या मानाने नांदली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. मुंबईतील नौदलाचा किनारी तळ, जो इंग्रजी अमदानीत ‘डलहौसी’ म्हणून ओळखला जाई, त्यास १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले.