ट्रायल्स युनिसायकल घेताय? आधी हब आणि रिम बघा, बाकी नंतर

युनिसायकल म्हटली की आपल्याकडे अजून सर्कशीतला विदूषकच डोळ्यांपुढे येतो. पण गेल्या काही दशकांत या एकचाकी सायकलीचे बरेच खेळ तयार झाले. त्यातला एक म्हणजे ट्रायल्स. लाकडी पॅलेट, केबलचे रीळ, दगड, ओंडके, कठडे अशा अडथळ्यांवरून पाय खाली न टेकवता उड्या मारत जायचं. स्पर्धेत हिशोब सरळ असतो : एक अडथळा स्वच्छ पार केला की एक गुण, आणि प्रयत्न कितीही करा. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या 'युनिकॉन' या जागतिक स्पर्धेतही हा प्रकार असतो. कॅनडाच्या क्रिस होम यांच्यासारख्या खेळाडूंनी तो लोकप्रिय केला, आणि त्यांच्या नावाच्या युनिसायकलीही बाजारात आहेत.

व्हिडिओ बघून पोरांना ही सायकल हवीशी वाटते. अडचण पुढे येते. बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात ही मिळत नाही. ऑनलाइन मागवावी लागते, बहुतेक वेळा परदेशातून. चुकीची आली तर परत पाठवण्याचा खर्च परवडत नाही, आणि चुकीचा सुटा भाग कपाटात पडून राहतो. म्हणून मागवण्याआधी कोणता भाग कशाला बसतो, हे नीट समजून घेतलेलं बरं.

एका ओळीत सांगायचं तर : सीट, पायडल, क्रँक, टायर हे सगळं नंतर बदलता येतं. हब आणि रिम चुकले तर जवळपास नवी सायकलच घ्यावी लागते.

साधी युनिसायकल का चालत नाही?

साध्या, स्वस्त युनिसायकलचं काम म्हणजे सपाट जागेवर चालणं. युनिसायकलमध्ये चेन नसते, फ्रीव्हील नसतं. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेली असतात. त्यामुळे कठड्यावरून उडी मारून खाली आलात की तुमचं सगळं वजन दोन क्रँकवर, आणि तिथून आसाच्या दोन टोकांवर येतं. दुचाकी सायकलवर हा धक्का दोन चाकांत वाटला जातो, इथे वाटेकरीच नाही. साध्या हबचा आस या माराने वाकतो, नाहीतर क्रँक सैल होते. ऐन उडीत क्रँक निसटली तर पडणाऱ्याला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणजे हबवरचा खर्च ही हौस नाही, हातपाय शाबूत ठेवण्याची सोय आहे.

रिम : १९ इंच, २० इंच आणि गोंधळ

ट्रायल्स युनिसायकलचं चाक '१९ इंची' म्हणून ओळखलं जातं. त्यावर २.५ इंच रुंदीचा जाड टायर बसतो, आणि टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास साधारण २० इंच होतो. म्हणून काही विक्रेते त्याच चाकाला '२० इंची' म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

इंच विसरा, मिलिमीटर बघा. ट्रायल्सच्या रिमवर टायर जिथे बसतो, तिथला व्यास ३८७ मिमी असतो. लहान मुलांच्या किंवा बीएमएक्स सायकलच्या नेहमीच्या २० इंची रिमचा तोच व्यास ४०६ मिमी असतो. फरक फक्त १९ मिमीचा, पण दुकानातला २० इंची टायर ट्रायल्सच्या रिमवर ढिला पडतो आणि ट्रायल्सचा टायर ४०६ च्या रिमवर चढतच नाही. टायरच्या कडेला जोडीने छापलेले आकडे असतात. त्यातला दुसरा आकडा ३८७ आहे का, तेवढं बघा.

हा टायर मुळात ट्रायल्सच्या छोट्या दुचाकी सायकलीच्या मागच्या चाकाचा. त्यामुळे सायकल ट्रायल्सचं सामान विकणाऱ्यांकडेही तो मिळू शकतो. मॅक्सिसचा 'क्रीपी क्रॉलर' हे त्यातलं जुनं, माहितीतलं नाव.

ट्यूबची मात्र चिंता नको. रुंद टायरसाठी असलेली २० इंची बीएमएक्सची ट्यूब यात चालून जाते. व्हॉल्व्ह तेवढा मोटरसायकलच्या ट्यूबसारखा घ्या. रिमचं भोक त्याच मापाचं असतं.

तारांची संख्या बहुधा ३६ असते. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, त्यामुळे तिथली रिम किंवा हब उसना घेऊन जमवाजमव करण्याच्या फंदात पडू नका. हबची आणि रिमची भोकं सारखीच हवीत. चाकाचा आऊट काढणं मात्र चांगल्या सायकल मिस्त्रीला जमतं. चाक शेवटी चाकच आहे.

हब : चौकोनी टोक की दातेरी?

हबच्या आसाची टोकं मुख्यतः दोन प्रकारची असतात.

• चौकोनी टोक : निमुळतं चौकोनी टोक, त्यावर क्रँक दाबून बसवतात. स्वस्त असतं. शिकायला, फिरायला ठीक. उड्यांना नाही. क्रँक थोडी जरी सैल झाली तरी तिचं चौकोनी भोक गोलावत जातं, आणि मग कितीही आवळा, ती टिकत नाही.

• दातेरी टोक : गोल, पोकळ आणि जाड आस, त्यावर खाचा. सध्या सर्वाधिक चालणारं माप म्हणजे 'आयसिस'. यात १० खाचा असतात. हे माप मुळात गिअरच्या सायकलींसाठी ठरवलेलं, पुढे युनिसायकलवाल्यांनी उचललं. अनेक कंपन्या ते वापरत असल्याने एका कंपनीच्या हबला दुसऱ्या कंपनीची क्रँक बसते. पहिल्या सायकलीसाठी सगळ्यात मोठा फायदा हाच.

दातेरी म्हणजे आयसिसच, असं मात्र धरून चालू नका. जर्मनीच्या क्यू-अ‍ॅक्स कंपनीचं 'क्यू-अ‍ॅक्सल' हे स्वतंत्र माप आहे. मजबूत आहे, पण त्याला आयसिसच्या क्रँक बसत नाहीत. जुन्या मालात 'प्रोफाइल' हब भेटतो, त्याला ४८ खाचा असतात. सेकंडहँड घेत असाल तर आसाच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि खाचा मोजा.

बेअरिंग आणि फ्रेम : २ मिलिमीटरची भानगड

चौकोनी हबचं बेअरिंग सहसा १७×४०×१२ मिमीचं असतं. हे म्हणजे ६२०३ नंबर, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारं. आयसिस हबचं बेअरिंग मात्र २२×४२×१२ मिमीचं असतं, आणि ते सहजासहजी मिळत नाही. दुकानदार बाहेरचं माप बघून ६००४ पुढे करतो. त्याचा बाहेरचा व्यास ४२ मिमीच असतो, पण आतलं भोक २० मिमीचं. ते २२ मिमीच्या आसावर जाणार नाही. लेथवर आस घासून बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आसच कमजोर होईल. सायकल मागवतानाच बेअरिंगची एक जोडी जास्तीची मागवा.

याच २ मिमीमुळे फ्रेमही जुळत नाहीत. ४० मिमीच्या बैठकीत ४२ चं बेअरिंग बसत नाही. उलटं जमतं : ४२ मिमीच्या फ्रेममध्ये ४० चं बेअरिंग बसवायला मध्ये १ मिमी जाडीची पट्टी लागते. ती उद्यमबाग, शिरोली किंवा तुमच्या गावातला लेथवाला करून देईल. दोन बेअरिंगमधलं अंतरही विचारा. ट्रायल्सच्या हबमध्ये ते साधारणपणे १०० मिमी असतं. मोठ्या चाकांसाठी १२५ मिमीचे रुंद हब येतात, ते या फ्रेमला नाहीत. शिवाय साध्या २० इंची फ्रेममध्ये २.५ इंची टायर घासू शकतो, म्हणून फक्त हब बदलून जुन्या सायकलीची ट्रायल्स करण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो.

क्रँक आणि पायडल

ट्रायल्सला साधारण १२५ ते १४० मिमी लांबीच्या क्रँक वापरतात. लांब क्रँकने जागच्या जागी तोल धरणं आणि उडीआधी चाक रोखून धरणं सोपं जातं. आखूड क्रँकने पाय गोल आणि मऊ फिरतात. आस जमिनीपासून जेमतेम २५ सेंमीवर असतो. १३७ मिमीची क्रँक खाली आली की पायडल जमिनीपासून ११ सेंमीच्या आसपास उरतं. यापेक्षा फार लांब क्रँक घेतली तर पायडल अडथळ्याला लागायला लागतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने १३७ च्या आसपासची घ्यावी.

पायडलचे आटे प्रौढांच्या सायकलीसारखेच, ९/१६ इंची. म्हणजे इथल्या चांगल्या सायकल दुकानातलं पायडलही बसेल. सुरुवातीला प्लॅस्टिकचं, बारीक दाणे असलेलं घ्या. धातूच्या खिळ्यांचं पायडल बूट घट्ट धरतं, पण घसरलं की नडगी सोलून काढतं. नडगीसाठी फुटबॉलचे शिनगार्ड चालतात. हेल्मेट, सपाट तळाचे बूट आणि नाडी आत खोचणं हे न सांगताच.

सीट आणि सीटची नळी

नळीचे व्यास तीन दिसतात : २२.२, २५.४ आणि २७.२ मिमी. नळी आणि फ्रेम एकाच मापाची हवी, आणि वरचा क्लॅम्प फ्रेमच्या बाहेरच्या मापाचा. सीट नळीला खालून चार बोल्टने बसते. हा प्रकार बऱ्याच कंपन्यांत सारखा असला तरी सर्वच कंपन्यांत नाही, म्हणून वेगळी सीट मागवताना बोल्टची रचना विचारा. सीटच्या पुढच्या टोकाला मजबूत मूठ हवीच. उडी मारताना सायकल त्याच मुठीने वर खेचायची असते. तळ लवचिक असेल तर जोर तिथेच मुरतो.

नळी लांब असेल तर कापता येते, आखूड असेल तर वाढवता येत नाही. आत किती राहिलीच पाहिजे याची खूण तिच्यावर असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसू देऊ नका.

जोडताना होणारी चूक

डबा उघडल्यावर सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे चाक उलटं बसवणं. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडल आणि क्रँकवरच्या 'एल' आणि 'आर' या इंग्रजी खुणा बघा, आणि बसल्यावर 'एल' डाव्या पायाकडे येते ना, याची खात्री करा. उलटं झालं तर चालवता चालवता पायडल आपोआप उलगडतं आणि क्रँकचे आटे घेऊन जातं.

बेअरिंगच्या टोप्यांचे बोल्ट हिसका देऊन आवळू नका. चाक हाताने फिरवलं की बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे. अडकत थांबत असेल तर बोल्ट थोडे सैल करा. क्रँकचे बोल्ट मात्र घट्ट हवेत. पहिल्या काही दिवसांनंतर ते पुन्हा तपासा. 'टक टक' आवाज आला तर तिथेच थांबा, आवळा, मग चालवा.

हवा शिकताना थोडी जास्त ठेवा, उड्या सुरू केल्यावर कमी करा. किती कमी? जागेवर उडी मारल्यावर टायर दबला पाहिजे, पण रिम जमिनीला लागता कामा नये. प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे हे वेगळं येतं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा

• रिम ३८७ मिमीची आहे ना?
• हब आयसिस, क्यू-अ‍ॅक्सल की चौकोनी?
• बेअरिंगचं बाहेरचं आणि आतलं माप किती?
• क्रँकची लांबी किती, आणि क्रँक ओढून काढायचा पुलर सोबत येतो का?
• सीटच्या नळीचा व्यास आणि लांबी किती?
• वाहतूक आणि सीमाशुल्क धरून घरपोच किंमत किती?

शेवटचा प्रश्न विसरू नका. परदेशातली किंमत स्वस्त वाटते, पण जड डब्याचं भाडं आणि शुल्क मिळून हिशोब बदलतो. चार मित्रांनी मिळून एकाच मापाच्या सायकली मागवल्या तर बेअरिंग, ट्यूब आणि पुलर वाटून वापरता येतात. एकाचा टायर फाटला तर दुसऱ्याचा चालतो. आपल्या भागात सुटे भाग मिळत नाहीत तोवर एकाच मापावर राहणं हाच खरा स्पेअरचा साठा.

बजेट कमी असेल तर भारी सीट, हलकी फ्रेम, रंगीत पायडल हे सगळं सोडा. आयसिस हब आणि ३८७ ची मजबूत रिम असलेली साधी स्टीलची सायकल घ्या. वजन थोडं जास्त भरेल, पण पहिली दोन वर्षं पडण्यात आणि उठण्यातच जातात. तेवढं सोसणारी सायकल हवी.