छळाच्या घरातली भावंडे

पळसदरी स्टेशनपाशी रुळांना फाटा फुटतो. एक मार्ग खोपोलीला जातो, दुसरा बोरघाट चढून खंडाळ्याकडे. मी इथलाच. चाळीस वर्षांपूर्वी या स्टेशनच्या बाकावर रोज रात्री बसून राहणारी दोन भावंडे मला अजून आठवतात. बहीण दहा वर्षांची, भाऊ सहाचा. घरी वडील प्यायलेले असत. आई आधी त्यांच्या भीतीने आणि पुढे पुढे सवयीने पोरांनाच मारू लागली होती. खोपोलीची शेवटची गाडी गेली की दोघे उठत, कारण तोवर घरातली माणसे झोपलेली असत. एके दिवशी बहिणीचा हात मोडलेला आणि भावाच्या पाठीवर चटके उठलेले दिसले, तेव्हा कोणीतरी पोलिसांत कळवले. दोघांना नेले. ती मुलींच्या संस्थेत गेली, तो मुलांच्या, आणि दोन्ही संस्था वेगवेगळ्या शहरांत. पुढची नऊ वर्षे त्यांची भेट झाली नाही.

आज ती दोघे पन्नाशीच्या आसपास आहेत. कामधंदा, संसार, मुलेबाळे सगळे आहे. काही वर्षांपूर्वी भाऊ माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘दादा, तुम्ही जुने कागद वाचता. आईबापांपासून आम्हाला सोडवले ते बरेच केले. पण आम्हा दोघांना एकमेकांपासून का तोडले? ते कुठे लिहिलेले सापडेल का?’’

त्यांच्या प्रकरणाचा कागद मला मिळाला नाही. पण प्रश्नाने पाठ सोडली नाही. त्याचे उत्तर शोधताना मी बरेच मागे गेलो. दोघांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ही हकिगत इथे सांगितली आहे. पुढचा लेख म्हणजे त्या प्रश्नाला देता आले तेवढे उत्तर.

जलालपूर आणि कल्याण

आईबापांच्या हातून होणारा छळ ही गोष्ट मराठीत फार थोड्यांनी लिहिली. मातृदेवो भव, पितृदेवो भव म्हणणाऱ्या समाजात ती लिहिणे सोपे नव्हते. म्हणूनच 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. आपण त्या पुस्तकातला विनोद लक्षात ठेवतो, टिळकांचा विक्षिप्तपणा लक्षात ठेवतो. त्यात दोन भयंकर घरे आहेत हे मात्र विसरतो.

पहिले घर नाशिकजवळच्या जलालपूरचे. लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मनू गोखले, जन्म 1868. त्यांचे आजोबा वासुदेव भगवंत जोगळेकर यांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले, असे लक्ष्मीबाई सांगतात. हे सोवळे नेहमीचे नव्हते. बाहेरून आलेले धान्य धुवायचे, वस्तू धुवायची, माणूस धुवायचा. बायकोमुलांचे खाणेपिणे, हिंडणेफिरणे, शिवाशिव या सगळ्यावर एकाच माणसाच्या भीतीचे राज्य होते. आज आपण त्याला मंत्रचळ म्हणू आणि डॉक्टरकडे नेऊ. तेव्हा तो घरधन्याचा आचार होता आणि त्याला हरकत घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. वडील दुष्ट होते असे लक्ष्मीबाई कुठेही म्हणत नाहीत. पण त्यांच्या आजाराची किंमत घरातल्या बायकामुलांनी चुकवली, हे त्या लपवतही नाहीत.

मनू त्या घरातून काही अंशी सुटली, ती नात्यातल्या गोविंदराव खांबेटे यांच्या घरी वाढल्यामुळे. 1880 मध्ये नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले आणि तिचा दुसऱ्या घराशी संबंध आला.

नारायणाचा जन्म 1861 चा, दापोलीकडच्या करजगावातला. शिक्षणाची सुरुवात कल्याणला झाली, म्हणजे आमच्याच लोहमार्गावर. वडील वामनराव सरकारी नोकर, अतिशय तापट आणि निष्ठुर. त्या घरातल्या मारहाणीची हकिगत लक्ष्मीबाईंनी सासरचे म्हणून झाकून ठेवली नाही. नारायण अकराबारा वर्षांचा असताना आई जानकीबाई गेली आणि त्याला घर राहिले नाही. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी तो शिकला. शिक्षकाचे घर, ओळखीच्यांचे जेवण, कोणाची तरी पडवी, यांवर त्या काळात अनेक पोरकी मुले वाढली, तसाच तोही वाढला.

अशा घरातून बाहेर पडलेले मूल धडधाकट दिसते, पण घर त्याच्याबरोबर चालत असते. टिळकांचा संताप, एका क्षणात घर सोडून निघून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे हे सारे ‘स्मृतिचित्रे’त आहे. पण वामनरावांच्या घरात जे झाले ते टिळकांच्या घरात झाले नाही. उलट ते घर इतरांच्या मुलांनाही आसरा देणारे झाले. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले हे सर्वांना ठाऊक आहे. बापाचा राग वारशाने आला, तरी बापाचे घर पुढे चालवायचे की नाही हे माणूस ठरवू शकतो. याचे इतके सविस्तर उदाहरण मराठीत मला दुसरे सापडलेले नाही.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग 10 फेब्रुवारी 1895 चा. त्या दिवशी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लहान मुलगा पदरात असलेली बायको मागे राहिली. तेव्हा त्या कोणाच्या दारात उभ्या राहिल्या? बहिणीच्या. भिकूताई आणि तिचे यजमान पेंडसे यांनी त्यांना सांभाळले. जलालपूरच्या त्या घरात काय सोसले हे भिकूला समजावून सांगण्याची गरज नव्हती. तीही तिथलीच.

माझ्या मते इथे एक मोठी गोष्ट हाती लागते. भावंड म्हणजे केवळ आधार नव्हे, तर साक्षीदार. घरातल्या छळाला बाहेरचा साक्षीदार नसतो. आईबाप म्हणतात असे काही झालेच नाही, नातेवाईक म्हणतात जाऊ दे, आणि मूल मोठे झाले की त्याला स्वतःलाच शंका येऊ लागते. अशा वेळी ‘झाले होते, मी पाहिले’ असे सांगणारे जगात एकच माणूस असते.

कायदा उंबऱ्याशी थांबला

मनू आणि नारायण लहान होते तेव्हा सरकार काय करत होते? 1850 च्या कायद्याने अनाथ आणि गरीब मुलांना उमेदवारीवर काम शिकायला पाठवण्याची सोय केली. 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. 1860 च्या दंडसंहितेत बारा वर्षांखालील मूल टाकून देणाऱ्या आईबापांना सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण त्याच संहितेच्या 89 व्या कलमाने, बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेले कृत्य गुन्ह्यातून वगळले. गंभीर दुखापतीला ही सूट नव्हती, पण रोजच्या माराला पुरेशी होती. मूल टाकले तर गुन्हा, घरात ठेवून झोडपले तर शिस्त.

1890 च्या पालकत्वाच्या कायद्याने मुलाचे हित हा शब्द आणला. छळ करणाऱ्या पालकाला दूर करण्याची तरतूदही त्यात होती. पण बाप जिवंत असेल आणि न्यायालयाने त्याला अपात्र ठरवले नसेल, तर दुसरा पालक नेमता येत नसे. बापाला अपात्र ठरवून घ्यायला दहा वर्षांच्या मुलीने कोर्टात जायचे कसे?

हे आपल्याकडेच होते असे नाही. न्यूयॉर्कमध्ये 1874 साली मेरी एलन विल्सन या मुलीची सुटका झाली, तेव्हा मदतीला आलेला हेन्री बर्ग हा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या संस्थेचा संस्थापक होता. मुलांसाठी अशी संस्था त्यानंतर निघाली. इंग्लंडमध्ये मुलांवरील क्रौर्याविरुद्धचा कायदा 1889 मध्ये झाला.

महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1875 मध्ये पंढरपुरात तसाच आश्रम सुरू झाला. ही कामे फार मोठी आहेत. पण ती जन्मतःच जीव धोक्यात असलेल्या तान्ह्या मुलांसाठी होती. घरात आईबाप आहेत आणि तेच मारतात, अशा मुलासाठी दार उघडायला 1924 चा मुंबई बालक कायदा यावा लागला. 1927 मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडी, मानखुर्द ही नावे नंतरच्या पिढ्यांना माहीत झाली ती या कामामुळे, जरी लोकांच्या तोंडी शब्द एकच राहिला: रिमांड होम.

दोन दारे

आता मूळ प्रश्न. भावंडांना वेगळे करा, असे मी वाचलेल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. मग ती वेगळी कशी झाली?

ती झाली व्यवस्थेच्या रचनेमुळे. संस्था मुलांची किंवा मुलींची असे. तान्ह्यांची वेगळी, शाळकरी मुलांची वेगळी. या विभागणीला कारणे होती आणि मुलींच्या सुरक्षिततेचे कारण आजही खोटे नाही. पण प्रत्येक आदेश एकेका मुलापुरता निघे. त्याचे वय, त्याचे लिंग, कुठे जागा रिकामी आहे. ‘याला एक बहीण आहे’ ही माहिती असली तरी निर्णयात तिला वजन नसे. 1986 च्या बालन्याय कायद्यात तर मुलाची वयोमर्यादा सोळा आणि मुलीची अठरा होती. सतरा वर्षांचा भाऊ आणि त्याच वयाची बहीण कायद्याच्या दोन बाजूंना उभी राहत. 2000 च्या कायद्याने दोघांना अठराची मर्यादा दिली.

म्हणजे त्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर असे: तुम्हाला कोणी ठरवून तोडले नाही. तुम्ही दोघे मिळून एक आहात हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

ऑस्ट्रियात इम्स्ट येथे 1949 मध्ये हर्मन ग्माइनर यांनी एसओएस बालग्राम सुरू केले, तेव्हा सख्खी भावंडे एकाच घरात राहतील हे तत्त्व ठेवले. आमच्या रायगड जिल्ह्यातही अलिबागजवळ असे बालग्राम आहे. ज्यांच्यात जिव्हाळा आहे अशा भावंडांना सबळ कारणाशिवाय वेगळे करू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केले ते 2009 च्या डिसेंबरात. त्यात अपवाद आहे आणि तो योग्यच आहे. काही घरांत आईबापांनी एका मुलाला दुसऱ्यावर सोडलेले असते. तिथे एकत्र ठेवणे म्हणजे छळ चालू ठेवणे. पण अपवाद मुलांकडे पाहून ठरवायचा असतो, रिकाम्या खाटांकडे पाहून नव्हे.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मार सोसावा लागत होता. घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. 2015 च्या बालन्याय कायद्याचे 75 वे कलम, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रौर्य केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही सांगते. मुंबईत 1996 मध्ये सुरू झालेला 1098 हा क्रमांक आज देशभर लागतो. दार आता आहे. त्यातून आत गेलेली भावंडे एकत्र बाहेर पडतील का, हे मात्र अजून त्या त्या बालकल्याण समितीवर अवलंबून असते.

यात मला सर्वांत आशादायक वाटते ती राज्याची बालसंगोपन योजना. आजी, मावशी, काका अशा कोणी मुलांना घरात सांभाळले तर प्रत्येक मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण गोविंदराव खांबेटे आणि भिकूताई यांनी जे स्वतःच्या खर्चाने केले, त्यामागे सरकार उभे राहते ही गोष्ट मोठी आहे. त्या घराला मुलांचे दार आणि मुलींचे दार अशी दोन दारे नसतात.

नऊ वर्षांनंतर

पळसदरीची ती दोघे पुन्हा भेटली कशी, हे मी बहिणीला विचारले. एकोणिसाव्या वर्षी ती संस्थेतून बाहेर पडली होती. शिवणाचे काम धरून, एक खोली भाड्याने घेऊन ती भावाच्या संस्थेत गेली. पंधरा वर्षांच्या त्या मुलाने तिला ओळखले नाही. त्याच्या लेखी आईबाप गरीब होते म्हणून त्याला तिथे ठेवले होते. मार, चटके, स्टेशनचा बाक यांतले काही त्याला आठवत नव्हते. रात्री मात्र तो दचकून उठत असे आणि का, ते कळत नसे. तिने सगळे सांगितले. तो रडला नाही, चिडला. सहा महिने तिच्याशी बोलला नाही. मग एकदा आला आणि शर्ट वर करून पाठ दाखवून म्हणाला, ‘‘हे तेच का?’’

तिथून पुढचे उभे राहणे सुरू झाले. तिने त्याला दहावीला बसवले, त्याने तिच्या लग्नात भावाचे सगळे मान पुरे केले. म्हाताऱ्या आईला शेवटी कोणी पाहायचे, यावर त्यांचे दोन वर्षे भांडण चालले. आईला बहिणीने पाहिले. भाऊ खर्चाचे पैसे देई, पण भेटायला गेला नाही. दोघांनी एकमेकांना माफ केले, आईला केले की नाही हे मी विचारले नाही.

मला जे सापडले ते मी भावाला वाचून दाखवले. रकाना नव्हता, हे त्याने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे एक ओळ जास्त लिहिली असती तर झाले असते.’’

दर भाऊबिजेला तो खोपोलीची गाडी धरून बहिणीकडे जातो. ओवाळून झाले की ताटात तो दहा पाकिटे टाकतो, एक त्या वर्षाचे आणि नऊ मागची. बहीण दरवर्षी नऊ परत करते.