बॅटरीचा मालक कोण? लिनक्सवरच्या एका जुन्या वादाचा इतिहास

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर हे कदाचित पाहिलं असेल: तुम्ही मेनूतून वीजबचतीचा पर्याय निवडता, थोड्या वेळाने चार्जर काढता किंवा लावता, आणि प्रोसेसर पुन्हा आपल्याच मर्जीने वागायला लागतो. बहुतेक जण याला बग म्हणतात. इतिहास पाहिला तर हा बग कमी आणि मालकीचा वाद जास्त वाटतो.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम हे मानक आणलं. त्यात खरी सत्ता बायोसकडे होती. कळफलक बराच वेळ शांत असला की बायोस ठरवायचं, आता झोपा. पण कळफलक शांत असताना मागे एखादं मोठं काम चालू आहे, हे बायोसला कसं कळणार? म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय आणलं आणि निर्णयाचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेला.

आता खरा प्रश्न. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमकं कोण? विंडोजच्या बाबतीत उत्तर सोपं होतं, एकच कंपनी. लिनक्समध्ये कर्नल वेगळ्यांचा, डेस्कटॉप वेगळ्यांचा, वितरण तिसऱ्याच कुणाचं. कर्नलने काय केलं, तर प्रोसेसरचा वेग, डिस्कची झोप वगैरेंची बटणं फाइलींच्या रूपात बाहेर मांडली आणि ती कधी, कशी फिरवायची याचं धोरण बरंचसं वरच्या सॉफ्टवेअरवर सोडलं.

ही मोकळी जागा अनेकांनी आपापल्या गरजेप्रमाणे भरली. आधी लॅपटॉप मोड टूल्स आलं, मग टीएलपी. चार्जर काढला-लावला की ठरलेली सेटिंग्ज लावायची, ही टीएलपीची पद्धत. रेड हॅटच्या सर्व्हरच्या जगातून ट्यून्ड आलं. पुढे पॉवर प्रोफाइल्स डीमन आलं आणि सप्टेंबर २०२१ च्या नोम ४१ मध्ये वीजबचत, संतुलित आणि वेगवान हे पर्याय थेट वरच्या मेनूत दिसू लागले.

यातलं प्रत्येक साधन एकटं असताना नीट चालतं. अडचण अशी, की कर्नलची ती फाइल फक्त शेवटची किंमत लक्षात ठेवते. ती कुणी लिहिली, का लिहिली, हे ती विचारत नाही. म्हणजे जो शेवटी लिहील तो जिंकतो. मेनू एक सांगतो आणि प्रोसेसर दुसरंच करतो. सात सुगरणी, भाजी अळणी! यात मशीन बिघडत नाही, पण समोरच्या पडद्यावरचा तुमचा विश्वास उडतो. बॅटरी नेमकी कशामुळे उतरतेय, हेही मग शोधता येत नाही.

यावर तोडगे दोन प्रकारचे निघाले. पहिला मनाईचा. सिस्टमडीमध्ये एक सर्व्हिस दुसरीशी जमत नाही असं लिहून ठेवता येतं. मग एक सुरू झाली की दुसरी थांबते. पण दोन्ही चालू ठेवल्या असतील तर कोण उरेल हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून नको असलेली सर्व्हिस मास्क करणं, म्हणजे ती सुरूच होऊ शकणार नाही अशी बांधून ठेवणं, हा जास्त पक्का उपाय. मात्र पॉवर प्रोफाइल्स डीमन असं बांधलं आणि त्याची जागा घेणारं काही नसलं, तर मेनूतले ते पर्यायही गायब होतात, हे ध्यानात ठेवा.

दुसरा तोडगा मला जास्त रोचक वाटतो. ऑक्टोबर २०२४ च्या फेडोरा ४१ ने पॉवर प्रोफाइल्स डीमनच्या जागी ट्यून्ड आणलं, पण सोबत एक दुभाषी बसवला. डेस्कटॉप जुन्याच भाषेत विचारतो आणि उत्तर ट्यून्ड देतं. मेनू तोच राहिला, मालक बदलला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, आधी यातल्या कोणकोणत्या सर्व्हिस चालू आहेत ते पाहा. मेनूतले पर्याय पुरत असतील तर वितरणाने दिलेलीच ठेवा. बारीकसारीक सेटिंग्ज हव्या असतील तर टीएलपी घ्या आणि बाकीच्या मास्क करा. कुठलीही निवडा, फक्त एकच ठेवा.